ताईच्या केसचे वकील: वर्कर्स कॉम्पचा लिएन आणि बायकोच्या स्वतःच्या दुखापतीचे पैसे, सविस्तर रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कुठे कापला ते खाली येईलच. ऑफिसचं नाव टाकत नाहीये कारण सेटलमेंटच्या कागदांत गोपनीयतेचं कलम आहे, नावावरून केस ओळखू येईल आणि त्याचा त्रास ताईला होईल. पण त्यांनी काय काम केलं आणि ते का महत्त्वाचं होतं हे लिहायला काही हरकत नाही, आणि खरं सांगायचं तर नावापेक्षा तेच जास्त उपयोगाचं आहे, कारण असाच प्रसंग न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये कोणावर आला तर त्यांना कॅलिफोर्नियातल्या वकिलाच्या नावाचा काय उपयोग, त्यांना काय विचारायचं ते कळलं पाहिजे.

थोडक्यात केस अशी. भावोजी बे एरियातून सॅक्रामेंटोला क्लायंटकडे कामासाठी निघाले होते, कंपनीने पाठवलं होतं, ताई सोबत बसली होती कारण परत येताना दोघं नातेवाइकांकडे जाणार होते. एका छोट्या कॉन्ट्रॅक्टरच्या पिकअपने लाल सिग्नल तोडून गाडीला धडक दिली. भावोजी काही दिवस आयसीयूत होते, मग गेले. ताईचं पेल्व्हिस आणि मनगट मोडलं, दोन ऑपरेशनं झाली, आणि सगळं डोळ्यांसमोर पाहिल्यामुळे जो मानसिक धक्का बसला त्याचे उपचार अजून चालू आहेत. भाचा लहान आहे, तो सुदैवाने गाडीत नव्हता.

आता यात पैशांच्या वाटा किती निघतात ते बघा, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. भावोजी कामावर होते म्हणून कंपनीच्या वर्कर्स कॉम्प इन्शुरन्सकडून (कामावर इजा किंवा मृत्यू झाला तर पैसे देणारा कंपनीचा विमा) डेथ बेनिफिट. पिकअपवाल्याची चूक म्हणून त्याच्यावर राँगफुल डेथचा, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या मृत्यूच्या भरपाईचा दावा, तो ताई आणि भाच्याचा. आणि तिसरी वाट, जी पहिल्या वकिलाला दिसलीच नाही किंवा दिसून त्याने सोडून दिली, ती म्हणजे ताईच्या स्वतःच्या मोडलेल्या हाडांचा, स्वतःच्या वेदनेचा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या अपघाताचा दावा. हा तिचा एकटीचा. भावोजी वाचले असते तरी हा दावा उभा राहिलाच असता.

पहिला वकील आम्हाला हॉस्पिटलमधल्याच कोणीतरी सुचवला होता. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही, पण त्याने सगळं एकाच पाकिटात घातलं होतं, पिकअपवाल्याच्या इन्शुरन्सला पाठवलेल्या पत्रात फक्त मृत्यूचा दावा होता आणि ताईच्या दुखापतीचा उल्लेख एका ओळीत, तोही "कुटुंबाला झालेला त्रास" अशा थाटात. आणि जे रिलीजचं, म्हणजे यापुढे काही मागणार नाही असं लिहून द्यायचं कागदपत्र सहीसाठी आलं त्यात सगळ्यांचे सगळे दावे मिळून एक रक्कम. सही करा, चेक येईल. तेवढ्यात कॉम्प कॅरिअरचं, म्हणजे कॉम्पच्या विमा कंपनीचं पत्र आलं की आम्ही आजवर दिलेले सगळे पैसे या सेटलमेंटमधून आधी परत घेणार, आणि पुढे द्यायचे बेनिफिट्सही उरलेल्या रकमेत वळते करणार, आणि हे "संपूर्ण सेटलमेंटवर" लागू आहे. ताई ते पत्र वाचून म्हणाली, म्हणजे माझ्या मोडलेल्या हाडाचे पैसेसुद्धा यांचेच? तिथून आम्ही दुसरा वकील शोधायला लागलो आणि हे ऑफिस मिळालं.

हे ऑफिस छोटं आहे, दोन पार्टनर. एक जण फक्त वर्कर्स कॉम्प बघतात, कॅलिफोर्निया स्टेट बारचे त्या विषयातले सर्टिफाइड स्पेशालिस्ट आहेत, आणि दुसऱ्या बाई अपघाताचे सिव्हिल खटले चालवतात. आमच्यासाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट ठरली. बहुतेक ठिकाणी कॉम्पचा वकील वेगळा, अपघाताचा वेगळा, आणि दोघं एकमेकांना फोनसुद्धा करत नाहीत, आणि लिएन, म्हणजे सेटलमेंटच्या पैशांवर कॅरिअरचा आधीचा हक्क, नेमका त्या दोघांच्या मधल्या फटीत बसलेला असतो.

पहिल्या मीटिंगला बाईंनी सबरोगेशन जे समजावलं तसं मला आधी कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. कामगाराला तिसऱ्या कोणाच्या चुकीमुळे इजा झाली तर कंपनी, म्हणजे तिचा इन्शुरन्स, आधी पैसे देते आणि मग त्या कामगाराच्या जागी उभी राहून चूक करणाऱ्याकडून तेवढे पैसे मागू शकते. कॅलिफोर्नियाच्या लेबर कोडच्या कलम ३८५२ पासून पुढे हे सगळं आहे. स्वतः दावा लावू शकते, तुमच्या दाव्यात सामील होऊ शकते, नाहीतर तुमच्या निकालावर लिएन टाकू शकते. यात मुळात अन्याय काही नाही, एकाच नुकसानीचे दोनदा पैसे कोणाला मिळू नयेत आणि चूक करणाऱ्याने फुकट सुटू नये एवढाच हेतू आहे. आणि कायद्यात इथे कर्मचारी म्हटलं की त्याच्या मृत्यूमुळे ज्यांना दावा मिळतो तेही त्यात धरले जातात, म्हणून राँगफुल डेथच्या पैशांवर लिएन लागतो, ते टाळता येत नाही, बाईंनी तिथे खोटी आशा अजिबात दाखवली नाही.

पण, त्या म्हणाल्या, जागी उभं राहायचं तर कोणाच्या जागी? ज्याच्या नुकसानीचे तुम्ही पैसे दिलेत त्याच्या. कॅरिअरने ताईला जे चेक दिले ते भावोजींच्या मृत्यूबद्दल, त्यांच्यावर अवलंबून असलेली म्हणून. तिच्या पेल्व्हिससाठी कॉम्पने एक पैसा दिलेला नाही, देऊ शकतच नव्हतं कारण ती त्या कंपनीची कर्मचारी नाही. मग तिच्या दुखापतीच्या भरपाईवर त्यांचा हात कुठून येईल? इतकं साधं आहे हे. ती विधवा आहे, ती बेनिफिट घेते, आणि ती स्वतः जखमीही आहे, हे एकाच बाईचे वेगवेगळे हक्क आहेत आणि चेकवर एकच नाव येतं म्हणून ते एक होत नाहीत.

हाच तर्क लॉस ऑफ कन्सॉर्शियमला लागतो. नवरा जखमी होऊन वाचला तर त्याचा सहवास हिरावला गेल्याचा बायकोचा जो स्वतंत्र दावा असतो, तो कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने १९७४ साली रॉड्रिग्ज विरुद्ध बेथलेहेम स्टीलमध्ये मान्य केला, आणि तो बायकोचा दावा आहे, कामगाराचा नाही, म्हणून तो कंपनीच्या लिएनच्या बाहेर. नवरा गेला की त्यानंतरचा सहवासाचा भाग राँगफुल डेथमध्येच मोडतो, पण भावोजी जितके दिवस आयसीयूत होते तितक्या काळाचा कन्सॉर्शियमचा दावा वेगळा राहतो. रक्कम फार मोठी नसते, तरी बाईंनी तो तक्रारीत वेगळा टाकला. आणि अपघात डोळ्यांदेखत पाहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचा मानसिक धक्क्याचा दावा, जो कॅलिफोर्नियात १९६८ च्या डिलन विरुद्ध लेग निकालापासून चालत आलाय, तोही वेगळा.

आता हे सगळं कागदावर वेगळं केल्याने खिशात काय फरक पडतो ते आकड्यांत सांगते, कारण मला स्वतःला आकडे बघितल्यावरच पटलं. आमचे खरे आकडे देता येत नाहीत, म्हणून हे समजा म्हणून घ्या, आणि सोपं राहावं म्हणून मुलाचा हिस्सा बाजूला ठेवू. समजा पिकअपवाल्याकडून एकूण ३ लाख डॉलरच निघू शकतात, कारण त्याचा इन्शुरन्स तेवढाच. कॉम्प कॅरिअरने आजवर १ लाख २० हजार दिलेत आणि अजून बरेच द्यायचे आहेत. सगळे ३ लाख मृत्यूच्या दाव्याचे म्हणून एकत्र घेतले तर वकिलाची एक तृतीयांश फी १ लाख, खर्च २० हजार, उरले १ लाख ८० हजार. कलम ३८५६ प्रमाणे आधी खर्च आणि फी, मग कॅरिअरची परतफेड, मग तुम्ही. म्हणजे १ लाख २० हजार कॅरिअरला, ताईच्या हातात ६० हजार. पण थांबा, ते ६० हजारही मोकळे नाहीत, कलम ३८६१ खाली कॅरिअरला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे पुढचे ६० हजार होईपर्यंत बेनिफिटचे चेक बंद. एका हाताने आले, दुसऱ्या हाताने गेले. मोडलेली हाडं, ऑपरेशनं, सगळं सोसून खटल्यातून निव्वळ शून्य.

आणि तेच ३ लाख अर्धे-अर्धे, दीड लाख ताईच्या स्वतःच्या दुखापतीचे आणि दीड लाख मृत्यूचे. ताईच्या दीड लाखातून फी आणि खर्च जाऊन ९० हजार उरतात आणि त्यावर कॉम्पचा लिएन नाही. मृत्यूच्या दीड लाखातूनही ९० हजार उरतात ते सगळे कॅरिअरला जातात, त्यात ताईच्या हातात काही येत नाही म्हणून क्रेडिटही काही उभं राहत नाही आणि पुढचे चेक चालू राहतात. तोच पिकअपवाला, तेच ३ लाख, तीच फी, आणि घरात ९० हजार डॉलरचा फरक. हा फरक फक्त सेटलमेंटचा कागद कसा लिहिलाय यातून येतो.

इथे बाईंनी एक गोष्ट फार ठामपणे सांगितली आणि त्यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. ताईने विचारलं की मग सगळंच माझ्या दुखापतीच्या नावावर का नाही टाकायचं. त्या म्हणाल्या नाही, वाटणी खरी असली पाहिजे, कॅरिअरला नोटीस द्यावी लागते, नोटीस न देता केलेली सेटलमेंट टिकत नाही (हे कलम ३८६०), आणि कॅरिअर कोर्टात जाऊन म्हणू शकतो की ही वाटणी आम्हाला डावलण्यासाठी केली आहे, मग न्यायाधीश बघतात. म्हणून त्यांनी ताईच्या दुखापतीची केस स्वतंत्रपणे पुराव्यांनी उभी केली. ऑर्थोपेडिकचा रिपोर्ट, पुढे लागणाऱ्या ऑपरेशनचा अंदाज, थेरपिस्टचं पत्र, ती घरात काय करू शकते काय नाही याची रोजची नोंद जी त्यांनी तिला पहिल्या दिवसापासून ठेवायला लावली. त्यामुळे जेव्हा वाटणीचा प्रश्न आला तेव्हा आकडा हवेतून काढलेला नव्हता.

वेगळं मांडण्याचा आणखी एक फायदा होता, आणि हा कोणी कुठे सांगत नाही. गाडीच्या इन्शुरन्सला एका माणसामागे एक मर्यादा असते आणि एका अपघातामागे दुसरी. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून किमान मर्यादा माणशी ३० हजार आणि अपघाताला ६० हजार आहे, आधी १५ आणि ३० होती. मृत्यूचा दावा कितीही वारसांनी केला तरी तो साधारणपणे एका माणसाच्या मर्यादेत बसतो. ताई स्वतः दुसरी जखमी व्यक्ती, म्हणजे तिच्यासाठी माणशी मर्यादा पुन्हा नव्याने उघडते. पहिल्या वकिलाने फक्त मृत्यूचा दावा केल्यामुळे ती दुसरी मर्यादा तशीच पडून होती. नव्या ऑफिसने पहिल्याच आठवड्यात ताईच्या नावाने स्वतंत्र डिमांड लेटर पाठवलं. माझ्या लेखी पाचातले दोन स्टार या एका पत्राचे.

कॉम्पची बाजू बघणाऱ्या पार्टनरचं काम वेगळ्या धाटणीचं, शांत, पण तितकंच बारीक. ताई एच फोरवर (एच वन व्हिसावरच्या नवऱ्याच्या आधारावर बायकोला मिळणारा व्हिसा), कामाची परवानगी नव्हती, आणि तिला वाटत होतं की व्हिसावर असलेल्यांना हे बेनिफिट कसलं मिळणार. त्यांनी सांगितलं की उलट आहे, मृत्यूच्या आधीच्या बारा महिन्यांत पती किंवा पत्नीची कमाई ३० हजार डॉलर किंवा कमी असेल तर कॅलिफोर्नियाचा कायदा तिला पूर्ण अवलंबून धरतोच, वेगळं सिद्ध करायला लागत नाही. लहान मूलही तसंच. दोन पूर्ण अवलंबून व्यक्ती असतील तर डेथ बेनिफिट २ लाख ९० हजार, एक असेल तर अडीच लाख, तीन किंवा जास्त असतील तर ३ लाख २० हजार, अंत्यविधीचे १० हजारांपर्यंत वेगळे, आणि ती रक्कम संपली तरी मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत चेक चालू राहतात. सगळे एकदम मिळत नाहीत, आठवड्याच्या हिशोबाने येतात. आपल्याकडच्या किती जणींना हे माहीत असेल? एच फोरवरच्या बायका आपल्याला काहीच हक्क नाही असं धरून बसतात म्हणून हे मुद्दाम लिहितेय. आणि २०१७ पासून इथल्या पुराव्याच्या कायद्यात असंही आहे की दुखापतीच्या किंवा राँगफुल डेथच्या दाव्यात इमिग्रेशन स्टेटस पुरावा म्हणून आणता येत नाही. (स्टेटसचा प्रश्न स्वतःपुरता वेगळा होता, एच वन गेला की एच फोरला आधार राहत नाही, त्यासाठी लगेच वेगळा इमिग्रेशन वकील बघा हे त्यांनी पहिल्याच कॉलवर सांगितलं.)

याच पार्टनरनी कॅरिअरकडून पैसे दिल्याची सगळी यादी मागवली आणि ओळ न् ओळ तपासली. त्यात काय काय निघालं! ताईच्या अँब्युलन्सचं बिल भावोजींच्या खात्यावर चढवलेलं, चौकशीसाठी नेमलेल्या माणसाची फी, बिलं तपासणाऱ्या कंपनीचे पैसे. कॅरिअरला परत मागता येतं ते कामगाराला किंवा त्याच्यासाठी दिलेलं कॉम्पेन्सेशन, स्वतःचं ऑफिस चालवायचा खर्च नव्हे. त्या सगळ्या ओळी काढून घेतल्या. कॅरिअरचं पत्र आलं की त्यातला आकडा देवाने लिहिल्यासारखा आपण मान्य करतो, तसं करू नका, यादी मागा.

आणि कंपनीची स्वतःची चूक किती, हाही प्रश्न त्यांनी काढला. १९६१ च्या विट विरुद्ध जॅक्सन निकालापासून कॅलिफोर्नियात असं आहे की अपघातात मालकाचाही निष्काळजीपणा असेल तर त्याच्या वाट्याचा भाग परतफेडीतून कमी होतो. भावोजी आदल्या रात्री उशिरापर्यंत ऑफिसच्या कामाच्या कॉलवर होते आणि सकाळी लवकर निघायला सांगितलं होतं, ते ईमेल होते. सिग्नल पिकअपवाल्याने तोडला हे स्पष्ट होतं म्हणून हा मुद्दा फार लांब गेला नाही, बाईंनीच सांगितलं की हा कमकुवत आहे, पण वाटाघाटीत टेबलावर ठेवण्याइतका आहे. शेवटी कॅरिअरने लिएनमध्ये सूट दिली आणि पुढचं क्रेडिट सोडून दिलं, लेखी. हे "लेखी" महत्त्वाचं, नुसता लिएन मिटवला आणि क्रेडिटबद्दल कागद गप्प राहिला तर सहा महिन्यांनी चेक बंद होऊ शकतात.

एक दरवाजा मात्र बंद करता आला नाही. ताईच्या हॉस्पिटलचं बिल भावोजींच्या कंपनीच्या ग्रुप हेल्थ प्लॅनने भरलं होतं, आणि तो प्लॅन कंपनी स्वतःच्या पैशातून चालवते, म्हणजे सेल्फ फंडेड, फेडरल एरिसा कायद्याखालचा (कंपन्यांच्या अशा प्लॅनसाठीचा केंद्राचा कायदा). म्हणजे कॉम्पच्या वाटेने कंपनी ताईच्या दुखापतीच्या पैशांना हात लावू शकत नाही, पण हेल्थ प्लॅनच्या वाटेने लावू शकते, कारण तिच्या हाडांचे पैसे प्लॅनने खरंच भरले आहेत. नीट विमा कंपनीचा प्लॅन असता तर कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडच्या कलम ३०४० ची मर्यादा लागली असती, वकील असेल तर सेटलमेंटच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घेता येत नाही, पण सेल्फ फंडेडला राज्याचा हा नियम लागत नाही. बाईंनी तरी हार मानली नाही, नुसतं माहितीपत्रक नको मूळ प्लॅन डॉक्युमेंट द्या अशी लेखी मागणी केली (न दिल्यास कोर्ट दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं), आणि त्यात वकिलाच्या फीबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. २०१३ च्या यूएस एअरवेज विरुद्ध मॅककचन निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की प्लॅन फीबद्दल गप्प असेल तर फीचा वाटा प्लॅनलाही सोसावा लागतो. तेवढी रक्कम कमी झाली. तरी उरलेली द्यावी लागली आणि ती मला अजूनही बोचते, पण हे त्यांच्या हातात नव्हतं.

फीबद्दल. अपघाताच्या दाव्यासाठी जिंकलो तर एक तृतीयांश, खटला उभा राहिला तर ४० टक्के, लेखी करार, आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं की ही फी कायद्याने ठरलेली नाही, वाटाघाटी होऊ शकते. हे वाक्य कॅलिफोर्नियात करारात असावंच लागतं, आमच्या आधीच्या वकिलाच्या कागदात ते सापडलं नाही. कॉम्पची फी वेगळी, ती कॉम्पचे न्यायाधीश मंजूर करतात आणि ती बरीच कमी असते. भाच्याच्या हिश्श्याची फीसुद्धा कोर्टाने बघितली, कारण अल्पवयीन मुलाची सेटलमेंट कोर्टाच्या मंजुरीशिवाय होत नाही आणि पैसे ब्लॉक केलेल्या खात्यात जातात. ताईला आधी वाटलं हा आपल्यावर अविश्वास आहे, बाईंनी नीट बसून सांगितलं की हे मुलाच्या संरक्षणासाठी सगळ्यांनाच आहे.

आणि एक नाजूक विषय त्यांनी पहिल्याच मीटिंगला काढला तो म्हणजे भावोजींचे आई-वडील. भावोजी दर महिन्याला पुण्याला पैसे पाठवत. कॅलिफोर्नियात मृतावर अवलंबून असलेले आई-वडील राँगफुल डेथच्या दाव्यात वारस म्हणून येऊ शकतात, आणि हा दावा सगळ्या वारसांनी मिळून एकदाच करायचा असतो. त्यांना न कळवता पुढे जाणं योग्य नाही आणि पुढे अडचणही होते. ताई थोडी दुखावली, सासू-सासऱ्यांना यात ओढायचं का म्हणून, पण तिनेच मग फोन केला. त्यांच्यासाठी वेगळा वकील सुचवला गेला कारण पैशांच्या वाटणीत हितसंबंध वेगळे होऊ शकतात. असं सांगणारा वकील म्हणजे स्वतःचं अर्धं काम दुसऱ्याला देणारा, म्हणून मला हे फार मोठं वाटलं.

अर्धा स्टार कापला तो संपर्कासाठी. पार्टनर दोघंही चांगले, पण मधली पॅरालीगल (वकिलांची सहाय्यक) बदलली आणि त्या काळात फोनला उत्तर यायला फार वेळ लागायचा, ताईला दर वेळी तीच कथा नव्याने सांगावी लागायची, आणि ज्या बाईने नवरा गमावलाय तिला हे करायला लावणं बरोबर नाही, हे मी त्यांना तोंडावरही सांगितलं. खर्चाचा तपशील शेवटी एकदम आला, दर तीन महिन्यांनी द्यायला हवा होता. एक्स्पर्ट डॉक्टरांचे आकडे बघून ताई घाबरली, आधी कल्पना असती तर घाबरली नसती.

हे सगळं कॅलिफोर्नियाचं आहे हे पुन्हा सांगते, राज्य बदललं की हिशोब बदलतो. न्यू जर्सीत तिथल्या कॉम्प कायद्याच्या कलम ४० खाली कॅरिअरला साधारणपणे दिलेल्या रकमेच्या दोन तृतीयांश, वजा ७५० डॉलर परत मिळतात. न्यूयॉर्कमध्ये कॅरिअरच्या संमतीशिवाय अपघाताची केस मिटवली तर पुढचे बेनिफिट गमावायची वेळ येते, तिथे संमतीआधी सही अजिबात नको. जॉर्जियात जखमी व्यक्तीला पूर्ण भरपाई मिळाल्याशिवाय कॅरिअरचा लिएन चालत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये डार कन्स्ट्रक्शनच्या केसमध्ये सांगितलं की बायकोच्या कन्सॉर्शियमच्या पैशांवर मालकाचा हक्क नाही. म्हणून वकिलाशी पहिल्या कॉलवर हे विचारा: सेटलमेंटमध्ये माझी स्वतःची दुखापत वेगळी लिहिणार का, कॅरिअरच्या पैशांची यादी कधी मागवणार, पुढच्या क्रेडिटचं काय, आणि हेल्थ प्लॅन सेल्फ फंडेड आहे का हे कोण तपासणार. चारांपैकी दोन प्रश्नांवर उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचा नंबर लावा. मुदतीही लक्षात ठेवा, कॅलिफोर्नियात अपघाताच्या दाव्याला दोन वर्षं, सरकारी गाडी किंवा रस्त्याचा दोष असेल तर सरकारकडे सहा महिन्यांत क्लेम, आणि कॉम्पच्या डेथ बेनिफिटला साधारण मृत्यूपासून एक वर्ष.

कोणासाठी हे ऑफिस नाही तेही सांगते. जर तिसऱ्या कोणाची चूकच नसेल, फक्त कॉम्पचे बेनिफिट अडकले असतील, तर इतक्या मोठ्या कराराची गरज नाही. राज्याच्या डिव्हिजन ऑफ वर्कर्स कॉम्पेन्सेशनकडे इन्फर्मेशन अँड असिस्टन्स ऑफिसर असतात, ते फुकट मदत करतात, फॉर्म भरायला सांगतात, कॅरिअरशी बोलतात, तुमचे वकील मात्र होत नाहीत. ताईचे पहिले चेक अडले होते तेव्हा तिथल्या एका बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि कुठला फॉर्म कुठे द्यायचा ते सांगितलं होतं. आधी तिथे फोन करा, आणि तिसऱ्या माणसाची चूक दिसत असेल तर कुठल्याही रिलीजवर सही करायच्या आधी असं दोन्ही बाजू एकत्र बघणारं ऑफिस शोधा.